भाऊसाहेबांचा तोतया आणि माझे बासष्ट हजार

दिवाळीच्या अंकात लिहायचे तर काहीतरी मंगल आणि प्रसन्न लिहावे, फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा ठेवून घरच्या सर्वांना वाचता येईल असे लिहावे, हा आपला जुना रिवाज आहे. तो मोडण्याची माझी इच्छा नाही. परंतु यंदा संपादकांचे पत्र आले तेव्हा माझ्या मनात एकच विषय घोळत होता, आणि तो म्हणजे माझी स्वतःची फजिती. बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला मनुष्य इतिहासातल्याच एका जुन्या फसवणुकीला कसा बळी पडतो, ही ती कथा. फजितीच्या कथा सांगायला आणि ऐकायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही; घरी माणसे जमलेली असतात, आणि चकलीच्या पहिल्या घाण्याबरोबर थट्टाही खपून जाते.

मी राहतो ती पुण्याची सदाशिव पेठ. पेठेला नाव मिळाले ते चिमाजीअप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ यांच्यामुळे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ज्यांच्याबरोबर महाराष्ट्राची एक पिढी नाहीशी झाली, तेच हे भाऊसाहेब. त्यांच्या मरणापेक्षाही त्यांच्या मरणानंतरची एक हकीकत मी वर्गात फार रंगवून सांगत असे. ती म्हणजे त्यांच्या तोतयाची. मुलांना ती आवडे, कारण तिच्यात वेषांतर होते, किल्ले होते, फितुरी होती आणि शेवटी शासनही होते. मला ती आवडे, कारण तिच्यात एक प्रश्न होता. समोरचा मनुष्य ‘मी अमुक’ असे म्हणतो, तेव्हा तो तोच आहे हे ओळखायचे कसे? हा प्रश्न मी शेकडो मुलांना घातला. माझ्यावर आला तेव्हा मात्र मी नापास झालो.

आधी ती जुनी हकीकत सांगतो.

पानिपतच्या रणात विश्वासराव गोळी लागून पडले हे अनेकांनी पाहिले होते. भाऊसाहेबांचे तसे नव्हते. ते घोड्यावर बसून गर्दीत शिरले, एवढेच मागे राहिलेल्यांना ठाऊक. पुढे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले की रणांगणात एक शिर नसलेला देह सापडला, अंगावरच्या खुणांवरून तो भाऊसाहेबांचा ठरला आणि त्यावर अग्निसंस्कार झाला. पण ही वार्ता पुण्याला पोचायची तर मधे शेकडो कोसांचे अंतर, आणि वार्तेबरोबर अफवाही चाललेल्या. कोणी म्हणे भाऊ जखमी होऊन एका जमीनदाराकडे लपले आहेत, कोणी म्हणे ते गोसावी होऊन हिंडत आहेत. बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे त्याच वर्षी, २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. घर खचले होते, आणि खचलेल्या घराला अफवा हीच आशा वाटू लागते.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परत आल्या होत्या. पतीचा देह आपण पाहिलेला नाही, मग वैधव्य का घ्यावे, असे त्यांनी धरले. त्या काळच्या रूढी किती कठोर होत्या हे सांगायला नको. पण पेशव्यांच्या घराने त्यांच्यावर सक्ती केली नाही. १७८३ साली त्या वारल्या, तोवर बावीस वर्षे त्यांनी कुंकू पुसले नाही. वर्गात हा भाग सांगताना माझा आवाज जरा खाली येत असे. कारण तोतयाच्या कथेचे मर्म त्या कुंकवात आहे. कोणी तरी वाट पाहत असल्याशिवाय तोतया जन्मालाच येत नाही.

तो जन्माला आला १७६५ च्या सुमारास. बुंदेलखंडाकडचा सुखलाल नावाचा एक कनोजी ब्राह्मण, काही कागदांत त्याचे नाव सुखनिधान असेही येते, ‘मीच भाऊ’ असे सांगत माणसे जमवू लागला. चेहऱ्याची ठेवण जुळणारी होती म्हणतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलता बोलता तो घरच्या आणि छावणीतल्या गोष्टी सांगे. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून आणवले, पुण्यात चौकशी केली, तो खोटा ठरला. लोकांच्या मनातला संशय समूळ जावा म्हणून त्याला जिवे न मारता कैदेत ठेवले. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर असे करीत तो शेवटी रत्नागिरीच्या किल्ल्यावर आला.

तेथे दहा-अकरा वर्षांनी काळ बदलला. माधवराव १७७२ साली गेले, नारायणरावांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला, सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मले आणि पाळण्यातल्या पेशव्याच्या नावाने नाना फडणीस व सखारामबापू कारभार पाहू लागले. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. अशा धांदलीत १७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याच्या बेड्या तोडल्या आणि त्याला भाऊसाहेब म्हणून बाहेर काढले. वाचकहो, येथे जरा थांबा. किल्ल्याला वेढा पडला नव्हता, तट फुटला नव्हता, शिडी लागली नव्हती. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच दार उघडले.

पुढे कोकण भराभर तोतयाच्या हाती गेले. किल्ले मिळाले, खजिना मिळाला. ग्रँट डफने त्याच्या फौजेचा आकडा वीस हजार दिला आहे. कारभाऱ्यांवर रुष्ट असलेले कितीतरी लोक त्याला मिळाले. त्यांतल्या सर्वांना तो खरा वाटत होता असे नव्हे. काहींना तो खरा असणे सोयीचे होते. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बोरघाटाच्या बाजूला त्याचा पराभव केला. तो कुलाब्याकडे पळाला, मुंबईला इंग्रजांकडे निसटावे असा बेत होता. पण राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुणे दरबारच्या स्वाधीन केले. पुन्हा चौकशी झाली, आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड मिळाला. पुढे साहित्यसम्राट न. चिं. केळकरांनी याच प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, आणि ‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला.

ही सगळी हकीकत मला तारीखवार पाठ. आता माझी हकीकत ऐका.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी अकराचा सुमार. आमची मंडळी मंगळागौरीच्या बोलावण्याला गेलेली, सूनबाई कचेरीत, नात कॉलेजात. मी एकटा एका मोडी पत्राची नक्कल करीत बसलो होतो. इतक्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज अतिशय अदबशीर. शुद्ध मराठी. “सर, आपल्या बँकेतून बोलतोय.” त्याने माझे पूर्ण नाव घेतले, वडिलांच्या नावासकट. माझी जन्मतारीख सांगितली. माझ्या क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले. मी ज्या शाळेत होतो तिचे नावही सांगितले. मग म्हणाला, “आपल्या कार्डावर आत्ताच कोणीतरी परगावी मोठी खरेदी करू पाहत आहे. ती आपण केलेली नसेल तर लगेच थांबवायला हवी. पाच मिनिटांचा अवधी आहे.”

माझी छाती धडधडू लागली. चोर घरात शिरतो आहे आणि हा भला माणूस मला जागे करतो आहे, अशी माझी समजूत झाली. त्याने पडताळणी म्हणून कार्डावरचे आकडे विचारले, मी वाचून दाखवले. मागच्या बाजूचे तीन आकडे विचारले, तेही दिले. मग म्हणाला, “व्यवहार रद्द करण्यासाठी आपल्या फोनवर एक क्रमांक येईल, तेवढा सांगा.” क्रमांक आला. त्याच्याखाली हा कोणालाही सांगू नका, असे लिहिलेही होते. चष्मा जवळ नव्हता असे मी पुढे घरी सांगितले, पण ते खरे नाही. मी ते वाक्य वाचले आणि ओलांडून गेलो. क्रमांक सांगितला. बासष्ट हजार रुपये गेले.

मला कळले ते दहा मिनिटांत. पण त्यानंतर मी जे केले, त्याची लाज मला पैशापेक्षा जास्त वाटते. मी गप्प बसलो. दुपारी जेवलो, संध्याकाळी फिरायला गेलो, रात्री नातीला तिच्या निबंधाबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगितल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या मंडळींनी विचारले, “अहो, काल दुपारपासून तुम्ही पान उलटलेलं नाही. काय झालंय?” तेव्हा सांगितले. सूनबाईंनी एक शब्दही न बोलता १९३० हा सरकारी क्रमांक लावला, मग बँकेच्या पुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करवले, आणि रात्री मला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. पुढे वाटेत अडकलेले अकरा हजार तेवढे परत मिळाले. चौकीतला तरुण अधिकारी सौम्यपणे म्हणाला, “काका, काल अकरा वाजता फोन केला असता तर बरंच अडवता आलं असतं.” बँकेने उरलेली रक्कम देण्यास नकार दिला. क्रमांक मीच सांगितला होता, तेव्हा मी तरी काय बोलणार?

घरी आल्यावर नातीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आजोबा, म्हणजे तुम्ही रामचंद्र नाईक झालात!”

पोरीने मर्मावर बोट ठेवले होते. तट शाबूत होता. दार मी उघडले.

त्या रात्री झोप आली नाही, आणि झोप न आलेल्या इतिहासाच्या मास्तराला दुसरा उद्योग काय? मी विचार करू लागलो की आपल्या पूर्वजांना हा धोका ठाऊक होता, मग त्यांनी काय तजवीज केली होती? आठवू लागलो तसतसा मी अधिकच ओशाळलो, कारण ती सगळी तजवीज मी स्वतः फळ्यावर लिहीत आलो होतो.

पहिली गोष्ट किल्ल्यांची. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर एकच एक धनी नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, तिघांनी मिळून कारभार करावा, ही व्यवस्था सभासदाने नोंदून ठेवली आहे. एक मनुष्य भुलला, भ्याला किंवा फितला तरी किल्ला जाऊ नये, हा हेतू. आज एका व्यवहाराला दोन किल्ल्या लागतात, कार्ड आणि त्या क्षणी येणारा क्रमांक. आपल्याकडे इंटरनेटवरच्या कार्डव्यवहारांना हा दुसरा पहारा रिझर्व्ह बँकेने २००९ साली सक्तीचा केला. कल्पना तीच, जुनी. पण सबनीसच हवालदाराला आपली किल्ली काढून देऊ लागला, तर तीन काय आणि तेरा काय? तो क्रमांक म्हणजे दुसऱ्या अधिकाऱ्याची किल्ली आहे, हे मला कोणी त्या शब्दांत सांगितले असते तर माझी जीभ टाळ्याला चिकटली असती.

दुसरी गोष्ट कागदांची. शिवकालीन पत्र उघडले की माथ्याला मुद्रा दिसते आणि शेवटी मोर्तब. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तब सांगे की मजकूर येथे संपला. याच्या खाली कोणी एक ओळ वाढवील तर ती खोटी. पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’ असा शिक्का असे, त्याचाही अर्थ तोच. शिवाय दफ्तरात नोंद झाली की कागदावर तशी खूण होई, म्हणजे उद्या कोणी बनावट सनद आणली तर दफ्तर उघडून ताडून पाहता येई. कागद खरा की खोटा, हे कागद आणणाऱ्याला विचारीत नसत, दफ्तराला विचारीत.

अक्षर बदलण्याचे भय किती होते याची साक्ष आपल्या घराघरांत सांगितली जाणारी आख्यायिका देते. नारायणरावांना ‘धरावे’ अशा पत्रात आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, ही ती गोष्ट. इतिहास म्हणून तिच्यावर हवाला ठेवता येत नाही. पण एका अक्षराने केवढा अनर्थ होतो ही धास्ती लोकांच्या मनात होती, म्हणूनच ती गोष्ट टिकली.

त्या धास्तीवरचा सर्वांत सुंदर उपाय सावकारांनी काढला होता. हुंडी म्हणजे त्या काळचे कार्डच म्हणा ना. पुण्यात पैसे भरावे, कागद घ्यावा, काशीला तो दाखवून पैसे उचलावे. वाटेत चोरी, खाडाखोड, तोतया, सगळेच संभवे. म्हणून हुंडीत रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि पुन्हा तिचे निम्मे लिहून ‘त्याचे दुप्पट’ असेही लिहीत. हजाराची हुंडी असेल तर निमे पाचशे, त्याचे दुप्पट. आता चोराने एक शून्य वाढवले तरी निम्म्याचा हिशेब त्याला उघडा पाडी. हुंडी धनीजोग असेल तर नाव लिहिलेल्या धन्यालाच पैसे मिळत. शाहजोग असेल तर बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच मिळत, आल्यागेल्या अनोळखी माणसाला नाही. मूळ हुंडी हरवली तर तिच्या जागी पेठ, पेठ हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की ती हुंडी रद्द, तिचा खोका झाला म्हणत, म्हणजे एकाच कागदावर दोनदा उचल नाही.

आणि या सगळ्यांहून मोठी युक्ती अशी की हुंडी लिहिणारा सावकार ज्याच्यावर हुंडी केली त्या पेढीला वेगळे पत्र धाडीत असे. अमक्या मितीची, अमक्या रकमेची हुंडी केली आहे, ती आल्यावर सकारावी. हुंडी एका वाटेने जाई, सूचनापत्र दुसऱ्या वाटेने. काशीचा मुनीम समोरच्या माणसाच्या गोड बोलण्यावर पैसे देत नसे. तो म्हणे, बसा, पाणी घ्या, आणि आत जाऊन आपल्याकडे आलेले पत्र पाही.

त्या रात्री मला माझी चूक नेमकी कळली ती येथे. मी समोरच्या माणसाची परीक्षा त्याच्याच तोंडून घेतली. त्याला माझे नाव ठाऊक, जन्मतारीख ठाऊक, चार आकडे ठाऊक, म्हणजे तो बँकेचाच, असे मी मानले. सुखलालच्या भोवती जमलेल्या लोकांनीही हेच केले. छावणीतली गोष्ट सांगतो, म्हणजे भाऊच. पण छावणीत हजारो माणसे होती. त्यांच्या तोंडून गोष्टी बाहेर आलेल्या होत्या. तशीच माझी जन्मतारीख किती ठिकाणी पडलेली आहे! निवृत्तिवेतनाच्या अर्जावर आहे, दवाखान्याच्या केसपेपरवर आहे, आधारपत्रिकेच्या ज्या झेरॉक्स मी वर्षानुवर्षे सही करून कोठेही देत आलो, त्यांवर आहे. माहिती असणे ही ओळख नव्हे. ओळख पटवायची तर दुसऱ्या वाटेने जावे लागते. फोन ठेवावा, कार्डाच्या पाठीवर छापलेला क्रमांक आपण स्वतः लावावा आणि विचारावे. मुनीम आत जाऊन पत्र पाही, तसे.

आजचे तोतये नवनवी सोंगे आणतात. कोणी वीज तोडणारा होतो, कोणी कुरियरवाला होतो. कोणी पोलिसाचा गणवेष घालून फोनच्या पडद्यावर येतो आणि म्हाताऱ्या माणसाला ‘डिजिटल अटक’ झाली म्हणून तासन्‌तास घरात बसवून ठेवतो. आपल्या कायद्यात असल्या अटकेचा पत्ता नाही. कोणी पैसे ‘पाठवतो’ म्हणून गुप्त क्रमांक टाकायला लावतो. वास्तविक यूपीआयवर पैसे घ्यायला तो क्रमांक कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. सोंगे निराळी, पण हत्यारे तीनच. भीती, लोभ आणि माया. भीतीने मी गेलो. लोभाने जाणारे पुष्कळ आहेत. मायेने जाणाऱ्यांची मला फार कणव येते. परदेशातल्या मुलाचा आवाज ऐकला, “आई, मी अडचणीत आहे” एवढे शब्द कानी पडले, की कोणती आई चौकशी करत बसेल? आता तर यंत्राने आवाजाची हुबेहूब नक्कल होते. वाट पाहणाऱ्या पार्वतीबाई आजही घरोघरी आहेत, आणि तोतयाला त्यांचे पत्ते ठाऊक आहेत.

येथे एखादा वाचक म्हणेल की मग सगळ्यांवर संशयच घेत बसावे काय? तसे नाही. बंगालमधला भावाल संन्याशाचा खटला जुन्या वाचकांना आठवत असेल. भावालचे मधले कुमार १९०९ साली दार्जिलिंगला वारले असे सर्वांनी धरले होते. बारा वर्षांनी ढाक्यात एक संन्यासी आला आणि आपण तेच कुमार असे म्हणू लागला. शेकडो साक्षीदार झाले, अंगावरच्या खुणा ताडल्या गेल्या, १९३६ साली न्यायाधीश पन्नालाल बसूंनी तो खरा ठरवला, आणि १९४६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत तो निकाल टिकला. पुण्यात चौकशीने खोटा उघडा पडला, ढाक्यात चौकशीने दावेदाराला त्याचे नाव मिळाले. पडताळणीत अपमान नाही. खरा मनुष्य तिला भीत नाही. घाई असते ती खोट्याला. ‘पाच मिनिटांचा अवधी आहे’ हे वाक्य आता मला कोणी ऐकवले की मी ओळखतो, बोरघाटात धूळ उडाली.

कायदाही अगदीच झोपलेला नाही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख चोरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगणारे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आले. ग्राहकाची चूक नसता पैसे गेले आणि त्याने तीन दिवसांच्या आत बँकेला कळवले, तर तोटा त्याच्या माथी मारू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिला. पण ‘ग्राहकाची चूक नसता’ या शब्दांपाशी माझी केस अडली. आणि तीन दिवस असोत की तीन तास, बोलायला तोंड उघडावे लागते. गप्प बसणाऱ्याला कोणताच कायदा वाचवीत नाही.

म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. फसलेली माणसे गप्प बसतात, त्यातल्या त्यात शिकलेली आणि वयस्क माणसे अधिक. मुले हसतील, सून काय म्हणेल, उद्यापासून व्यवहार हातातून काढून घेतील, ही भीती मला होती. प्रत्यक्षात कोणी हसले नाही. हसली ती फक्त नात, आणि तिच्या त्या हसण्यानेच मी माणसांत आलो. तरुण वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे म्हणू नका. ते एकदा म्हटले की पुढच्या वेळी फसल्यावर ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि तोतयाला नेमका तेवढाच वेळ हवा असतो.

आमच्या घरी आता काही नवे रिवाज आले आहेत. फोनवर आलेला क्रमांक कोणालाही सांगायचा नाही, प्रत्यक्ष नाना फडणीस बोलत असले तरी. इंटरनेटवरची खरेदी नसेल तेव्हा कार्डाची ती वाट बंद ठेवायची. आधारची झेरॉक्स मागेल त्याला न देता फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यायची. दर महिन्याचे कार्डाचे हिशेबपत्रक मी आणि आमची मंडळी मिळून ओळन्‌ओळ वाचतो. पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन वर्षे कोणी न वापरलेल्या एका मासिकाची वर्गणी निघाली, ती मीच चालू ठेवली होती. आणि १९३० हा आकडा देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर माझ्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तोतया धरला गेला तो १७७६ साली, इंग्रज पुण्याबाहेर गेले १९४७ साली, तसा हा १९३० सन लक्षात ठेवायचा, असे नातीने घरातल्या चिमुरड्यांना पढवले आहे. तो मिठाच्या सत्याग्रहाचाही सन आहे, एवढी भर मी घातली. मास्तरकी सुटत नाही.

शेवटचा रिवाज या दिवाळीचा. पूर्वी रात्री तटावरचा पहारेकरी येणाऱ्याला हटके आणि परवलीचा शब्द विचारी. चेहरा ओळखीचा असो, आवाज ओळखीचा असो, शब्द आल्याशिवाय दिंडी उघडत नसे. आम्हीही एक शब्द ठरवायचा असे योजले. अडचणीत सापडून घरच्या कोणी फोन केला, पैसे मागितले, तर आधी तो शब्द सांगायचा. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून, फराळाला बसल्यावर, सगळे एकत्र असताना तो ठरेल. परगावचा मुलगाही येणार आहे. प्रत्येकाने आपापली सूचना आणायची आहे. फोनवर बोलायचे नाही, कागदावर लिहायचे नाही.

तुमच्याही घरी यंदा असा एक शब्द ठरावा, हीच माझी दिवाळीची शुभेच्छा. फराळाच्या ताटाभोवती पाच मिनिटांचे काम आहे, आणि ही पाच मिनिटे तरी तोतयाने दिलेली नव्हेत.

आमचा शब्द कोणता ठरणार, याची तुम्हाला उत्सुकता असेल. पण क्षमा करा, वाचकहो, या बाबतीत मी आता कोणाचेही ऐकत नाही.